समुद्र किती लांब हाय?

लग्नाच्या मेकअपची चौकशी करायला आलेल्या मुलीला नलूताई "कुठला लूक हवाय?" असं कधीच विचारायची नाही. तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "तिथं समुद्र किती लांब हाय?"

मुली गोंधळायच्या. मोबाइलमध्ये वीस-पंचवीस फोटो साठवून आलेल्या असायच्या. कुणाला मोकळे कुरळे केस हवे असायचे, कुणाला चेहरा काचेसारखा चमकायला हवा असायचा. ते फोटो नलूताई शांतपणे बघायची आणि मग पुढचं विचारायची. मुहूर्त किती वाजताचा? स्टेजला तोंड कुठल्या दिशेला? नटायची खोली खाली की वर? एसी आहे, की नुसता डबा लावलाय भिंतीला? मुलीला यातलं काही माहीत नसायचं. मग नलूताई तिच्यासमोरच त्या रिसॉर्टला फोन लावायची. एकदा अलिबागकडच्या एका मॅनेजरनं तिची दहा मिनिटं चाललेली चौकशी ऐकून विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही वीज मंडळातून बोलताय का?"

बदलापूर पूर्वेला कात्रपमध्ये, एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर तिचं पार्लर होतं. दोन खुर्च्या, एक आडवं व्हायचा बाक, मागे छोटंसं बाथरूम. बत्तिसाव्या वर्षी मी तिच्याकडे हेअर करायला लागले, तेव्हा ती पन्नाशीला आलेली. मेकअप तिचा, केस आणि साडी माझी, असं आमचं सात वर्षं चाललं. बारीक अंगाची, सावळी, कपाळावर कायम एक आठी. बारवी धरणाच्या रस्त्याला तिचं माहेर, त्यामुळे बोलण्यात गावाकडचं "हाय" आणि "नाय" राहिलेलं. ते बदलायचा प्रयत्न तिनं कधी केला नाही. तिचे यजमान अंबरनाथ एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत शिफ्टला जायचे. घरी फारसं बोलायचे नाहीत, आणि ती कसर ती पार्लरमध्ये भरून काढायची.

काळजी करणं हा तिचा धंदाच होता म्हटलं तरी चालेल. दोन हेअर स्प्रे, दोन इस्त्र्या, दोन सेटिंग स्प्रे, काजळाच्या तीन कांड्या. "एक बिघडलं तर?" असं म्हणत ती बॅग भरायची, मग रिकामी करायची, पुन्हा भरायची. लग्नाच्या दिवशी ती सकाळपासून काही खायची नाही, फक्त बडीशेप चघळायची. आणि मेकअप झाल्यावर कुणी "किती सुंदर दिसतेय!" म्हटलं की कपाळावरची आठी आणखी खोल व्हायची. "आत्ता नका बोलू," ती म्हणायची. "संध्याकाळी बोला."

तिच्याकडची ट्रायल आमच्या भागात बदनाम होती. बाकी पार्लरवाल्या एसी लावून ट्रायल घेतात, फोटो काढतात, मुलगी खूश होऊन घरी जाते. नलूताई पूर्ण मेकअप करायची, केस बांधून घ्यायची, मग मागच्या बाथरूममध्ये कढत पाण्याच्या दोन बादल्या ठेवून त्या मुलीला प्लास्टिकच्या स्टुलावर बसवायची आणि दार लोटून घ्यायची. दहा मिनिटं.

"ताई, लग्न आहे की शिक्षा?" आतून आवाज यायचा.

"बस गं. मे महिन्यात गुहागरला यापेक्षा जास्त होणार हाय."

दहा मिनिटांनी बाहेर आलेला चेहरा ती खिडकीपाशी नेऊन बघायची. नाकाच्या बाजूला कुठे फुटलं, वरच्या ओठावर कुठे दाणे आले, कपाळाच्या केसांशी कुठे पट्टा पडला, हे सगळं एका वहीत लिहून ठेवायची. जाड थर तिला आवडायचाच नाही. "जेवढं कमी लावशील तेवढं कमी वाहंल," असं ती मला शिकवायची. थोडं लावायचं, दाबून बसवायचं, पावडर मारायची, थांबायचं, पुन्हा थोडं. हे ती उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात एका सिंधी आंटीच्या पार्लरमध्ये शिकली होती. ती आंटी तिला म्हणायची, "पहले चमड़ी देख, बाद में डिब्बा खोल." नलूताई ते वाक्य त्या आंटीच्याच सुरात म्हणून दाखवायची, आणि तेवढ्यापुरती हसायची.

लग्नाच्या ठिकाणी पोचलं की तिचं पहिलं काम असायचं पापड. घरून तळून, डब्यात घट्ट बंद करून आणलेला उडदाचा पापड ती नटायच्या खोलीत बशीत उघडा ठेवायची आणि घड्याळ बघायची. पापड किती मिनिटांत मऊ पडतो यावर हवेत किती दमटपणा आहे हे तिला कळायचं. अर्धा तास कडक राहिला तर केस थोडे मोकळे सोडायला ती तयार व्हायची. दहा मिनिटांत वाकला तर आंबाडा, आणि त्यावर चर्चा नाही. नवरीच्या मावश्या तो पापड बघून एकमेकींना खुणा करायच्या. एकदा एका नवरीच्या काकांनी तो खाऊनच टाकला, तेव्हा ती एवढी अस्वस्थ झाली की मी शेवटी रिसॉर्टच्या स्वयंपाकघरातून दुसरा मागून आणला.

हे सगळं कुठून आलं ते मला पहिल्या वर्षी कळलं नव्हतं. मला वाटायचं, स्वभाव असतो एकेकाचा. मग एकदा रेवदंड्याहून परत येताना गाडीत तिनं आपणहून सांगितलं. मी यायच्या आधीची गोष्ट. समुद्रकिनारी लग्न, नवरीला खूप मोठा आंबाडा हवा होता. आत स्टफिंग, वरून गंगावन, ऐंशी-नव्वद पिना. नऊवारी नेसल्यावर बाथरूमला जायची पंचाईत, म्हणून मुलगी सकाळपासून पाणीच प्यायली नव्हती. स्टेजवर हार घालताना ती उभीच्या उभी खाली कोसळली. लोक पाणी मारत होते, वारा घालत होते. नलूताई स्टेजवर चढली, मुलीचं डोकं मांडीवर घेतलं आणि सगळ्या पाहुण्यांसमोर एकेक पिन उपसून काढली.

"हात लावला ना, वैशे, डोकं तव्यासारखं तापलेलं. मी बांधलेलं. मीच," ती म्हणाली. "पोरगी उठली, लग्न झालं, मला कोणी एक शब्द बोललं नाय. पण त्या दिवशी ती उठली नसती तर?"

तेव्हापासून ती नवरीच्या मानेला मागून हात लावून बघायची, दर अर्ध्या तासाला. आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी स्ट्रॉनं पाजायची. नऊवारीत बाथरूमला कसं न्यायचं ते माझं मी बघायचं, असा हुकूम होता.

तिच्या स्वतःच्या लग्नाचा एकच फोटो होता आणि तो तिनं मला एकदाच दाखवला. गावातला मांडव, मे महिना, सतरा-अठरा वर्षांची पोरगी. कुणा मामीनं तोंडाला पांढरी पावडर थापलेली आणि घामानं तिचे ओघळ गळ्यापर्यंत आलेले. "नणंदा बोलल्या, भिंतीचा चुना निघायला लागला," नलूताई म्हणाली आणि फोटो परत कपड्यांखाली ठेवून दिला.

मला खरं सांगायचंय ते ऋतुजाच्या लग्नाबद्दल. नलूताईची आठवण काढताना बदलापुरातली माणसं अजून त्या लग्नाचा विषय काढतात, आणि बहुतेक जण चुकीचं सांगतात.

ऋतुजा सावंत अंबरनाथ पूर्वेची. सव्वीस वर्षांची, ठाण्याला एका कंपनीत नोकरी करणारी. फेब्रुवारीत ती आईबरोबर ट्रायलला आली, तेव्हा पार्लरमध्ये पंखा फुल होता तरी तिनं मनगटापर्यंत बाह्या असलेला कुर्ता घातला होता आणि गळ्याभोवती ओढणी गुंडाळलेली. सावंतकाकूंनी आधी दुसऱ्या गिऱ्हाईक बाईला बाहेर जाऊ दिलं. मग दार लावलं, माझ्याकडे बघितलं.

"ती आमचीच हाय," नलूताई म्हणाली. "बोला."

काकूंनी मुलीची ओढणी काढली. उजव्या कानामागून मानेवरून गळ्याच्या हाडापर्यंत पांढरे डाग उतरले होते. बाह्या वर केल्या तेव्हा दोन्ही मनगटांवर आणि बोटांच्या सांध्यांवरही दिसले. कोड होतं. साखरपुडा झाला तेव्हा काहीच नव्हतं. सप्टेंबरमध्ये मानेवर पहिला ठिपका आला आणि चार-पाच महिन्यांत एवढं पसरलं. डॉक्टर, औषधं सगळं चालू होतं. मुलगा, निखिल, बंगळूरला नोकरीला. त्यानंतर तो दोनदा भेटून गेला होता, दोन्ही वेळा ऋतुजानं केस मोकळे आणि बाह्या लांब ठेवल्या होत्या.

"त्यांना माहीत नाही," काकू म्हणाल्या. "लग्नानंतर सांगू सावकाश. तुम्ही फक्त त्या दिवशी दिसू देऊ नका. एअरब्रश करा, काय हवं ते करा. आणि केस मोकळे ठेवा, मान झाकली जाईल."

लग्न मे महिन्यात, दापोलीकडे, अगदी समुद्राला लागून असलेल्या रिसॉर्टवर. मुलाकडच्यांचं कुलदैवत तिथलं, म्हणून.

नलूताईनं तिची मान उजेडाकडे वळवून बघितली. मग म्हणाली, "वहिनी, तिथं मोकळे केस पंधरा मिनिटांत मानेला चिकटतील. आणि चिकटले की खालचं सगळं पुसून घेतील. रंगानं मान झाकायची तर केस वर पायजेत. केस वर घेतले तर मान दिसणार."

"म्हणूनच तर तुमच्याकडे आलोय ना. तुमचं टिकतं, सगळे सांगतात."

ऋतुजा आरशात न बघता खाली बघत होती. काकू फोनवर बोलायला बाहेर गेल्या तेव्हा नलूताईनं तिला विचारलं, "तुला काय पायजे?"

"मला काही कळत नाहीये, ताई. आईनं शपथ घातलीय." ओढणी परत गुंडाळत ती म्हणाली, "रोज वाटतं आज सांगते त्याला. मग त्याचा फोन येतो, तो मांडवाच्या डेकोरेशनचं वगैरे बोलतो, आणि राहून जातं."

त्या दिवशी त्या गेल्यावर मी म्हटलं, "ताई, ही ऑर्डर घेऊ नकोस. अंगाशी येईल."

"मी नाय बोलले तर दुसरी कोण तरी करंल," ती म्हणाली. "आणि ती हिला वाफेत पण नाय बसवणार."

पुढचे अडीच महिने तिनं स्वतःच्या मनगटावर प्रयोग केले. डाग झाकायचा जाड रंग लावायची, पावडर मारायची, आणि तसाच हात घेऊन स्वयंपाक करायची, भांडी घासायची, रिक्षात बसायची. मला हात दाखवून विचारायची, "कुठं उडालंय का बघ." सुरुवातीला तासाभरात उडायचं. नंतर तीन तास टिकायला लागलं. पण कपड्याला घासलं की हमखास तपकिरी पट्टा उठायचा. एक दिवस दुपारी केस कापता कापता ती मध्येच थांबली. कात्री हातात तशीच.

"वैशे, कन्यादानाला हातावर पाणी सोडतात."

मला क्षणभर कळलंच नाही.

"ओंजळीत पाणी सोडतात ना. नवऱ्याच्या हातावर हिचा हात, वरून पाणी. तिथं कसं टिकंल?"

तिनं लगेच काकूंना फोन लावला. काकू म्हणाल्या, गुरुजींना सांगून ठेवते, थोडंसंच पाणी सोडा म्हणून. फोन ठेवल्यावर नलूताई खुर्चीवर बसून राहिली. गिऱ्हाईक अर्ध्या कापलेल्या केसांनी वाट बघत होतं, शेवटी मी पुढे झाले.

जायच्या आधी तिनं काकूंना एवढंच बजावलं, "मी झाकीन. पण मला कोणी तोंडावर विचारलं तर मी खोटं नाय बोलणार." काकूंनी हो म्हटलं. मला वाटतं, त्यांना ते नीट ऐकूच आलं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी मुहूर्त अकरा चाळीसचा. आम्ही सकाळी सहाला कामाला लागलो. खोली समुद्राच्या बाजूला, एसी घरघरत होता पण गार काही येत नव्हतं. तिनं पापड ठेवला. चार मिनिटांत वाकला. नलूताईनं माझ्याकडे बघितलं.

चेहरा तिनं उत्तम केला. इतका हलका की मेकअप आहे हे जवळून बघितल्याशिवाय कळू नये. मग मान, मग हात, थर बसवत, थांबत, पुन्हा बसवत. सव्वादहाला सगळं झाकलं गेलं होतं. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा, म्हटलं नव्हतं मी?" त्या म्हणाल्या. आणि मला केस मोकळे सोडायला लावले.

पंधरा मिनिटंही लागली नाहीत. कुरळे केलेले केस दमट हवेनं सरळ होऊन मानेला चिकटले. ऋतुजानं ते सहज मागे सारले, आणि ब्लाउजच्या काठावर तपकिरी पट्टा उमटला. मानेवर खालचा पांढरा भाग डोकावायला लागला.

"आणखी लावा," काकू म्हणाल्या.

नलूताईनं लावलं. घामावर लावलेलं धरत नाही, त्याच्या गोळ्या झाल्या. काकूंचा आवाज चढला. "आणखी लावा ना! वेळ होतोय." बाहेरून कुणी तरी दार वाजवून सांगून गेलं, नवरीला गौरीहराला बसवायचंय. ऋतुजा घाबरली, आणि घाबरल्यावर घाम आणखी फुटतो. तो आता तिच्या कपाळावरही आला. नलूताईनं तिच्या मानेला हात लावून बघितला, आणि स्पंज खाली ठेवला.

"काय झालं? थांबलात का?"

नलूताई बोलायच्या आधी ऋतुजाच बोलली. आरशात स्वतःकडे बघत, अगदी हळू. "वैशालीताई, केस वर बांधा."

"अगं, मान दिसेल!" काकू ओरडल्या.

"दिसू दे. ताई, हे पुसा सगळं. हातावरचं पण."

काकूंनी नलूताईचं मनगट घट्ट धरलं. "तुम्ही हात लावायचा नाही. माझी शपथ आहे."

नलूताईनं ते सोडवून घेतलं नाही. तिनं दुसऱ्या हातानं ओलं फडकं उचललं.

"मी नाय पुसत," ती काकूंना म्हणाली. मग फडकं ऋतुजाच्या मांडीवर ठेवलं. "पोरी, तुझं अंग हाय. तुला पायजे तर तू पूस."

ऋतुजानं पुसलं. आधी हात, मग मान. फडकं तपकिरी झालं. मग फोन उचलून तिनं निखिलला सांगितलं, "दोन मिनिटं ये. एकटा ये."

तो आला तेव्हा धोतर-कुर्त्यात होता, मुंडावळ्या बांधलेल्या. तिच्याकडे बघून पलंगाच्या कडेवर बसला. त्यानं हात लावला नाही, जवळही गेला नाही.

"कधीपासून?"

"सप्टेंबरपासून."

"सप्टेंबर," तो म्हणाला. "मी दोनदा आलो त्यात. आणि रोज बोलतो आपण."

तो उठला आणि गेला. दार त्यानं आपटलं नाही, पण लावलंही नाही. ते उघडंच राहिलं.

त्यानंतरचा पाऊण तास मला अजून आठवतो. काकू फरशीवर बसून होत्या, त्यांच्या तोंडून एकच वाक्य येत होतं, "काय केलंत तुम्ही, काय केलंत." बाहेर सनई थांबली. कुणी तरी माइकवरून थोडा वेळ थांबायला सांगितलं. अकरा चाळीस होऊन गेले. आणि नलूताई काम करत होती. तिनं ऋतुजाचं कपाळ टिपलं, पुन्हा पावडर बसवली, ओठ पुन्हा रंगवले. मी आंबाडा घातला, छोटा, मानेच्या वर. त्यावर तिनं स्वतः अबोलीचा गजरा माळला. मोगरा तिथं तासाभरात काळा पडतो, अबोली टिकते, म्हणून ती आदल्या दिवशीच बघून ठेवलेली. पिन तिच्या हातून दोनदा खाली पडली.

"ताई, कशाला करताय आता?" ऋतुजानं विचारलं. "तो परत नाही आला तर?"

"नाय आला तरी तू या खोलीतून चांगली दिसत बाहेर जाशील," नलूताई म्हणाली. "माझं काम हाय ते."

मग निखिलची आई आली. उंच बाई, नथ घातलेली, चेहऱ्यावरून काही कळेना. तिनं ऋतुजाची मान बघितली, हात हातात घेऊन उलटसुलट बघितले. मग फरशीवर बसलेल्या काकूंकडे वळली.

"आम्हाला आधी सांगायला हवं होतं तुम्ही, विहीणबाई. हे मी विसरणार नाही."

मग ती परत ऋतुजाकडे वळली.

"गुरुजी म्हणतात पुढचा मुहूर्त बारा पस्तीसचा आहे," ती म्हणाली. "निखिल मांडवात बसलाय. रागावलाय, पण बसलाय. चल."

लग्न लागलं. कन्यादानाला गुरुजींनी पाणी चांगलं भरपूर सोडलं, हिरव्या चुड्यावरून आणि उघड्या मनगटांवरून ते ताम्हनात वाहिलं. पाहुण्यांत कुजबुज झाली, ती होणारच होती. निखिल सरळ समोर बघत होता. आम्ही दोघी मागे खांबापाशी उभ्या होतो. मी म्हटलं, "ताई, झालं गं सगळं नीट."

"झालं कुठं," ती म्हणाली. "तो तिच्याकडं बघत पण नाय."

परत आल्यावर व्हायचं ते झालं. सावंतकाकूंनी अंबरनाथभर सांगितलं, की कात्रपच्या त्या पार्लरवालीनं ऐन मांडवात मुलीला भडकवलं, घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणली. त्या हंगामात आमच्या सहा ऑर्डर मोडल्या. पुढच्या वर्षी समुद्राकडची एकही आली नाही. हेंद्रेपाड्यातल्या माझ्या शेजारणीनंसुद्धा मला विचारलं, "तुम्ही लोक घरात भांडणं लावता म्हणे?" मला प्रत्येकीला खरं काय ते सांगावंसं वाटायचं. नलूताईनं मला अडवलं. "त्या पोरीचं अंग चर्चेला नको," ती म्हणाली.

धंदा कमी झाल्याची तिला काळजी होतीच. पण त्याहून मोठी काळजी वेगळी होती. "मी फडकं दिलं नसतं तर?" हे तिनं मला शंभरदा तरी विचारलं असेल. फेशियल करताना, चहा गाळताना. "सहा तास कसंतरी टिकवलं असतं तर? मग तिनं सावकाश सांगितलं असतं. सुखी असंल का गं ती? तुला काय कळलं का?" मला काहीच कळलेलं नव्हतं. ऋतुजाचा नंबर बदलला होता आणि काकूंना विचारायची सोय नव्हती. नलूताई रस्त्यात ओळखीची अंबरनाथची बाई दिसली की थांबायची, विचारावं की नको या विचारात उभी राहायची, आणि न विचारता पुढे जायची.

दीड वर्षानं, दिवाळीच्या आधी, एक मुलगी पार्लरचं दार ढकलून आत आली. आखूड बाह्यांचा टॉप, केस वर बांधलेले. डाग आता कोपरापर्यंत आले होते. मी ओळखलं, पण नलूताईला ओळखायला एक क्षण लागला, कारण तिनं आधी चेहऱ्याकडे बघितलं आणि चेहरा हसरा होता.

"भुवया करायच्यात," ऋतुजा म्हणाली आणि खुर्चीत बसली.

नलूताईनं दोरा घेतला. तोंडात धरला. तो तुटला. दुसरा घेतला, तोही तुटला.

"दहा दिवस बोलला नाही तो माझ्याशी," ऋतुजा डोळे मिटून सांगू लागली. कुणी न विचारता. "बंगळूरला गेल्यावर सुद्धा. मला वाटलं, संपलं. मग एक दिवस भाजी चिरताना त्यानं विचारलं, दुखतं का ते? मी म्हटलं, नाही. मग म्हणाला, तू सांगितलं नाहीस ते अजून दुखतंय मला. तेव्हा भांडलो आम्ही. पहिल्यांदा नीट भांडलो. आता बरं चाललंय."

नलूताईचा तिसरा दोरा तुटला. ती म्हणाली, "आई?"

"तुमच्याशी नाही बोलणार ती, ताई. अजून राग आहे."

"माझं राहू दे. तुझ्याशी बोलते ना?"

"हो. आत्ता तिच्याकडेच आलेय."

"मग झालं," नलूताई म्हणाली. चौथ्या दोऱ्यानं भुवया झाल्या. एक किंचित वर गेली, हे मला दिसलं आणि तिलाही दिसलं असणार. इतक्या वर्षांत तिची चुकलेली भुवई मी तेवढीच बघितली.

त्यानंतर ती पावणेतीन वर्षं होती. एका सकाळी छातीत दुखतंय म्हणाली, आणि दवाखान्यात नेईपर्यंत गेली. त्या वर्षी मी नाशिकला भावाकडे राहायला गेले होते, पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. म्हणून मी तिला शेवटचं पाहिलं ते त्याच्या चार महिने आधी, उल्हासनगरला, विवाह नोंदणीच्या कचेरीत.

तिच्या मुलीचं, पल्लवीचं लग्न होतं. पल्लवी नर्स. तिनं आईला आधीच सांगितलं होतं, मला मांडव नको, मेकअप नको, मी सुती साडी नेसणार आणि सही करणार. आईला याचं किती वाईट वाटलं असेल याची मला कल्पना होती, पण तिनं लेकीला अडवलं नव्हतं. मी साक्षीदार म्हणून गेले होते. एप्रिलचा दिवस, कचेरीत लाकडी बाकांवर पंधरा-वीस जोडपी, एकच पंखा, तोही दूर. जावई, त्याचे आईवडील आणि नलूताईचे यजमान झेरॉक्स काढायला खाली गेले होते. पल्लवी रात्रपाळी करून थेट आलेली. वाट बघता बघता तिचं डोकं कललं आणि आईच्या खांद्यावर टेकून ती गाढ झोपली. तोंड थोडं उघडं, कपाळावर केस आलेले.

नलूताई हलली नाही. लेकीच्या डोक्याखाली तिचा उजवा हात अडकला होता आणि डावा तिनं लेकीच्या गुडघ्यावर ठेवला होता. तिच्या कपाळावरून घामाची धार निघाली, भुवईपाशी थांबली, मग गालावरून हनुवटीपर्यंत आली. तिनं ती पुसली नाही. मी रुमाल पुढे केला तर तिनं फक्त डोळ्यांनी नको म्हटलं.

खिडकीतल्या कारकुनानं पल्लवीचं नाव पुकारलं. कुणी उठलं नाही. त्यानं पुन्हा, जरा चिडून पुकारलं. नलूताईनं डावा हात लेकीच्या गुडघ्यावरून अलगद उचलला आणि कारकुनाकडे बघून पाच बोटं दाखवली. पाच मिनिटं. आणि तो काही बोलायच्या आत, शेजारच्या बाकावरच्या अनोळखी जोडप्याला तिनं हातानंच खूण केली, तुम्ही जा पुढे.